माझ्या नावाची आंघोळ

तात्यांनी माझ्या नावानं आंघोळ केली तेव्हा मी त्यांच्यासमोरच उभी होते. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात गॅसची शेगडी.

"बघ हेमे," ते म्हणाले, "त्या फाटकाबाहेर पाऊल टाकलंस, तर इथं या अंगणात मी तुझ्या नावानं आंघोळ करीन."

"करा," मी म्हटलं.

हे 'करा' माझ्या तोंडून इतकं पटकन निघालं की तात्यांचीच पंचाईत झाली. असं कुणी म्हणत नसतं. माणूस मेलं की घरचे त्याच्या नावानं आंघोळ करतात. जितंजागतं माणूस समोर असताना केली, तर तू आम्हाला मेलीस, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे ती धमकी द्यायची गोष्ट. वडिलांनी 'करीन' म्हणायचं, पोरीनं रडायचं, पाय धरायचे, बॅग खाली ठेवायची आणि सगळ्यांनी आत जाऊन चहा प्यायचा, अशी रीत. मी 'करा' म्हटल्यावर पुढं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

समोरच्या गॅलरीत ओतारीकाकू उभ्या होत्या. हातात ओला परकर होता, पण तो वाळत घालायचं त्या केव्हाच विसरल्या होत्या. वरच्या अंगाला आणखी दोन खिडक्या उघडल्या. आता शब्द मागं घेतील तर ते तात्या कसले!

त्यांनी सदरा काढला. नळाखाली पितळी घंगाळं होतं, ते भरायला लावलं. आमचं भांड्यांचं दुकान, त्यामुळं घंगाळंही चांगलं दोन बादल्यांचं. ते भरेपर्यंत आम्ही दोघं नुसते एकमेकांकडं बघत उभे. श्रावण सरत आला होता, हवेत गारठा होता. तात्यांना जन्मात गार पाण्याची सवय नाही. पण ओतलं त्यांनी, तांब्यामागून तांब्या डोक्यावर.

"झालं! सुटलो!" ते ओरडले. मग शिंकले. मग दुसऱ्यांदा शिंकले आणि म्हणाले, "टॉवेल!"

आई आत रडत बसली होती. दोरीवरचा टॉवेल मीच काढून दिला, रोजच्या सवयीनं. त्यांनी घेतलाही. तोंड पुसून झाल्यावर कुणाच्या हातचा घेतला ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी तो नळापाशी फेकून दिला. मी शेगडी उचलली आणि फाटकाबाहेर पडले. मागून आईनं हाक मारली, पण मी वळले नाही. वळले असते तर संपलंच होतं.

आता या गोष्टीला वीसेक वर्षं होत आली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सातारा, शनिवार पेठ. घरात तात्या, आई, मी आणि तात्यांची थोरली बहीण सिंधूआत्या. आत्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती आलीच. माझा थोरला भाऊ पुण्याला. तो अठराव्या वर्षी घर सोडून खोली घेऊन राहायला गेला, तेव्हा तात्या स्वतः गादी बांधून द्यायला एसटी स्टँडवर गेले होते. 'पोरगं पायावर उभं राहतंय' म्हणून पेढे वाटले.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला होते. शिकून, परीक्षा देऊन लागले होते. पगार माझा मला पुरेल एवढा होता. घरात मला कुणी छळत नव्हतं, हेही सांगून टाकते, नाहीतर लोकांना उगीच काहीतरी वाटतं. तात्यांनी कधी हात उगारला नाही. आईनं गरम पोळीशिवाय पोळी वाढली नाही.

झालं ते एवढंच. एका रविवारी मला बघायला कऱ्हाडची मंडळी आली होती. मुलाच्या आईनं पोहे खाता खाता विचारलं, "मुलगी कधी घराबाहेर राहिलीय का? हॉस्टेल वगैरे?" आणि तात्या छाती फुगवून म्हणाले, "छे छे! एक रात्रसुद्धा नाही. जशीच्या तशी आहे." दुकानात नवं पातेलं दाखवताना ते हेच म्हणतात, अगदी याच आवाजात. 'चूल बघितलेली नाही अजून. बूड बघा, कोरं आहे.'

माझ्या हातात पाण्याचा ट्रे होता. तो खाली ठेवेपर्यंत माझं ठरलं होतं.

पंधरवड्यात मी गोडोलीत खोली बघितली. पिठाच्या गिरणीच्या वर, बाहेरून जिना, एक मोरी, एक खिडकी. आमच्या घरापासून चालत अर्धा तास. तेच तर सगळ्यांना सोसवेना. पुण्याला नोकरी धरून गेले असते, तर तात्यांनी कुरकुरत का होईना सोडलं असतं. लग्न करून गेले असते, तर बँड लावून सोडलं असतं. पण त्याच गावात, आईबाप जिवंत असताना, बिनलग्नाची मुलगी वेगळी राहणार?

"कुणी आहे का?" आईनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं.

"नाही गं."

"असेल तर सांग. आम्ही बघू काय ते."

"कुणी नाही आई. मी एकटीच आहे."

त्यावर ती जास्तच रडली. कुणी असता तर भांडायला निदान माणूस तरी मिळाला असता.

गणपती तोंडावर आले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सिंधूआत्या आत आली, छत्री कोपऱ्यात टेकवली आणि तपासायच्या खुर्चीत बसली.

"डोळे बघ माझे."

आत्या दुकानात कधी यायची नाही. मी गुमान तिच्या नाकावर तपासणीची जाडजूड फ्रेम चढवली, काच घातली, समोरचा दिवा लावला. "वरच्या ओळीपासून वाच."

"वाचायला नाही आले मी. घरात सुतक आहे."

"कोण गेलं?"

"तू."

मी मटकन स्टुलावर बसले. आत्या फ्रेमच्या आतून माझ्याकडं बघत होती. एका डोळ्याला काच, दुसऱ्याला झाकण. चेहरा मात्र दगडासारखा.

"तात्या सकाळी म्हणाला, अक्का, माळ्यावरचे गौरींचे मुखवटे काढ, पुसायला घे. म्हटलं, मी नाही हात लावायची. सुतकात कुणी गौरी आणतं का? म्हणाला, कसलं सुतक? म्हटलं, अरे बाबा, पोटच्या पोरीच्या नावानं आंघोळ केलीस ना सगळ्या आळीसमोर? मग? म्हणाला, ते बोलण्यापुरतं होतं. म्हटलं, बोलण्यापुरतं बोलतात. बोलण्यापुरती आंघोळ कोण करतं?"

"आत्या!"

"आणि लग्न झालेली असतीस तर तीन दिवसांत आटपलं असतं. बिनलग्नाच्या पोरीचं दहा दिवस धरतात. गणपतीसुद्धा बसायचा नाही या हिशोबानं."

मला हसू आवरेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आमच्या घरात गौरी म्हणजे साधंसुधं काम नाही. पणजोबांपासून चालत आलेल्या. तात्या एरवी देवाशीही भांडतील, पण गौरींपुढं उभं राहायचं झालं तर बनियन बदलून जातील. एखाद्या वर्षी गौरी आल्या नाहीत, तर दुकानाचं शटर उघडायची त्यांची छाती होणार नाही.

"मग?"

"मग गुरुजींकडं गेलो आम्ही दोघं. गुरुजींनी विचारलं, मयत कोण? तात्या बोलेना. मी म्हटलं, मुलगी. कधी वारली? म्हटलं, वारली नाही, चष्म्याच्या दुकानात आहे." आत्यानं फ्रेम नाकावर सारखी केली. "गुरुजी म्हणाले, रासने, हे माझ्या पोथीत नाही. तुमचं तुम्ही घरात मिटवा."

"आणि तात्या?"

"घरी आल्यावर म्हणाला, अक्का, तूच सांग काय करायचं ते. मी सांगितलं. तुझ्या तोंडानं तू तिला मारलीस, तुझ्याच तोंडानं जिवंत कर. तिच्या घरी जा. गौरीच्या जेवणाचं आवतण दे, कुमारिका म्हणून. जिवंत माणसालाच जेवायला बोलावतात, म्हणजे सुतक मिटलं."

"आत्या, कुमारिका म्हणून आठ वर्षांची पोर बसवतात. मी एवढी घोडी!"

"लग्न झालंय तुझं?"

"नाही."

"मग कुमारिकाच. मी काय शास्त्र बदलू तुझ्यासाठी?"

ही बाई तीस वर्षं आमच्या घरात कुणाला उलटून बोलली नव्हती. भाजीत मीठ कमी असलं तरी ताटातलं मीठ गुपचूप लावून घ्यायची. तात्यांनीच तिला माझ्याशी बोलणं करायला पाठवलंय, असा मला दाट संशय आला.

"खरं सांग. मला परत घरी न्यायला हे सगळं चाललंय ना?"

तिनं फ्रेम काढून माझ्या हातात दिली. "काच पूस ही. धुरकट दिसतंय," म्हणाली आणि छत्री घेऊन निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी खाली गिरणीपुढं स्कूटरचा हॉर्न वाजला. मी कठड्यावरून वाकून बघितलं. आई मागच्या सीटवरून उतरत होती, हातात कुंकवाचा करंडा. तात्या स्कूटरवरच बसून राहिले, तोंड दुसऱ्या दिशेला. जणू गोडोलीचं आभाळ बघायलाच आले होते.

आई धापा टाकत वर आली. आधी खिडकीचे गज हलवून बघितले. मग मोरीत डोकावली. मग शेगडीवरचं पातेलं उघडून बघितलं आणि तिचे डोळे भरले.

"नुसती खिचडी?"

"मला आवडते गं."

"खालची माणसं कशी आहेत?"

"चांगली आहेत. पीठ दळतात."

तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मग आवाज खाली आणला. "हे बघ हेमा, जेवायला ये आणि तिथंच राहा. तात्या चकार शब्द काढायचे नाहीत, मी वदवून घेतलंय. तुझी गादी उन्हात घातलीय. लोकांना सांगू, आठ दिवस मावशीकडं गेली होती."

"आणि पुन्हा कुणी बघायला आलं की एक रात्रसुद्धा बाहेर नाही म्हणून सांगायचं?"

"मावशीकडच्या रात्री कोण मोजतंय!"

आई भाबडी खरी, पण बाजू कुठून सावरायची हे तिला बरोबर कळतं. मी तिला म्हटलं, जेवायला येईन, राहायचं नाव काढू नकोस. ती माझ्या हातावर हात ठेवून नुसती बसली. खालून हॉर्न वाजला.

मी बाहेर आले. "तात्या, वर या की. चहा टाकते."

"तिला विचार, आवतण पोचलं का," ते आईला उद्देशून म्हणाले. आई तर अजून आतच होती.

"पोचलं. पण कुणाचं? आईचं का तुमचं?"

गिरणीपुढं डबे घेऊन बसलेल्या बायका वर बघायला लागल्या. तात्यांचे कान लाल झाले. "दोघांचं," ते स्कूटरच्या हँडलला म्हणाले.

"जिवंत माणसाला बोलावताय ना?"

"हेमे, तोंड आवर!"

"येते मग," मी म्हटलं.

गौरी जेवणाच्या दिवशी मी नवी साडी नेसून गेले. घाबरले नव्हते असं म्हणणार नाही. पुरणाचा, जायफळाचा वास फाटकापर्यंत आला होता. आत गौरी उभ्या होत्या, नेहमीसारख्या देखण्या. आत्यानं त्यांना हिरवी आणि जांभळी नेसवली होती. मला एकदम वाटलं, राहावं इथंच. कशाला एवढा हट्ट? मऊ गादी, पुरणपोळी, आईचा हात. सगळं मनात आलं, कबूल करते.

सवाष्ण म्हणून ओतारीकाकू आल्या होत्या. आमच्याकडं जेवणाआधी सवाष्णीचे आणि कुमारिकेचे पाय धुतात. घरच्या कर्त्यानं पाणी घालायचं, बाईनं पुसायचं. ओतारीकाकूंचं झालं. मग मी पाटावर बसले आणि परातीत पाय ठेवले.

तात्या तांब्या घेऊन आले. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी परातीकडं. मग त्यांनी पाणी ओतलं, असं की अर्धं माझ्या साडीवर.

"जरा हळू घाल," आत्या मागून म्हणाली. "या वेळी दुसऱ्यावर ओततोयस."

ओतारीकाकूंना ठसका लागला. तात्यांनी दात आवळले, पण पुढचं पाणी नीट घातलं. माझ्या पायांवरून त्यांचा हात फिरला तेव्हा मला भडभडून आलं. लहानपणी शाळेतून चिखल तुडवत आले की हेच माझे पाय नळाखाली धरून धुवायचे.

जेवणं झाली. पानं उचलायच्या आत तात्यांनी घसा खाकरला आणि सगळ्यांसमोर, म्हणजे मुद्दाम ओतारीकाकूंना ऐकू जाईल असं, म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. आजपासून हेमा घरीच आहे. मी संध्याकाळी टेंपो पाठवून तिचं सामान आणवतो."

"नाही तात्या," मी म्हटलं.

"काय नाही?"

"मी जेवायला आले होते. आता माझ्या घरी जाते. सणाला, वाराला बोलावलंत तर येईन. तुम्ही आजारी पडलात तर न बोलावता येईन. पण राहायला नाही येणार."

आईनं माझा पदर धरला. तात्या उभे राहिले, हात खरकटा तसाच. "पाय धुतले मी तुझे! बापानं पाय धुतले आणि तुझी ही मिजास? मग पुन्हा करू आंघोळ? करू?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्या बोलली. "कर की. पण गौरी जाईपर्यंत थांब, नाहीतर नैवेद्याचं काय करायचं ते पुन्हा गुरुजींना विचारावं लागेल."

"अक्का, तू मधे पडू नकोस!"

"पडत नाही. निघतेच आहे," आत्या म्हणाली. ती आत गेली आणि एक कापडी पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवी आधीच भरलेली होती. "मी हेमाकडं राहायला जाते. उद्या विसर्जनाला येईन."

"वन्सं!" आई एवढंच म्हणाली.

माझ्यावर ओरडायला त्यांना येत होतं, सव्वीस वर्षांचा सराव होता. थोरल्या बहिणीवर कसं ओरडायचं ते त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं. ते नुसते म्हणाले, "कुणाला विचारून?"

आत्यानं चपला पायात सरकवल्या. "कुणालाच नाही."

रिक्षात ती पिशवी मांडीवर घट्ट धरून रस्ता बघत होती. खोलीवर आल्यावर तिनं पाणी मागितलं, सगळा तांब्या एका दमात प्यायली आणि माझ्या गादीवर भिंतीला टेकून बसली.

"कोरेगावला खोली बघितली होती मी," ती म्हणाली. "तुझा जन्मही नव्हता तेव्हा. हे गेल्यावर इथं आले, शिवणाच्या परीक्षा दिल्या. कोरेगावच्या शाळेत शिवणबाई म्हणून नेमणूक झाली. एका म्हातारीची माडीवरची खोली ठरवली होती. ट्रंक भरली होती."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आत्या म्हणजे आमच्या घरात होतीच, देव्हाऱ्यासारखी. तिला कुठं जायचं होतं असं कधी मनातही आलं नाही.

"मग?"

"आमचे आबा म्हणाले, एकटी राहायला गेलीस तर तुझ्या नावानं आंघोळ करीन."

"किती दिवस म्हणत होते?"

"एकदाच म्हणाले. मला एकदा पुरलं. ट्रंक सोडली, शाळेला नाही म्हणून कळवलं, आणि पीठ मळायला बसले." तिनं पदरानं मान पुसली. "मला काय वाटायचं सांगू? वाटायचं, त्यांनी पाणी अंगावर घेतलं की मी खरंच मरेन. जिथं असेन तिथं पडेन. हसू नकोस. तीस वर्षं वाटायचं."

मी कुठली हसते.

"परवा तात्या नळापाशी गेला, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. म्हटलं, आता काय होतंय देव जाणे. पोरगी फाटकात उभी, आणि हा ओततोय. आणि काय झालं गं? ओला झाला. शिंकला. टॉवेल मागितला." तिचा आवाज चढला. "एवढंच? एवढंच असतं होय ते? एवढ्या पाण्याला मी भ्यायले?"

ती रडत नव्हती. संतापली होती. सिंधूआत्याचा संताप मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"त्या दिवशी तू बॅग खाली ठेवली असतीस ना," ती म्हणाली, "तर मी आयुष्यात तुझ्याशी बोलले नसते."

जरा वेळानं ती उठली. दारापाशी जाऊन कडी वरखाली करून बघितली. "नीट बसते का ही?"

"बसते की."

तिनं दार लोटलं, कडी लावली, परत येऊन आडवी झाली. "मी झोपते त्या मधल्या खोलीला दारच नाही आपल्याकडं. कोण कधी पायावरून जाईल नेम नसतो," म्हणाली आणि डोळे मिटले.

चार वाजले असतील. खाली स्कूटर थांबली. जिन्यावर पावलं वाजली, ओळखीची, जड. तात्यांनी दार ढकललं. आमच्याकडं दार ढकलूनच आत यायची पद्धत. ते उघडलं नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला.

"अक्का!"

आत्या डोळे न उघडता म्हणाली, "आम्ही झोपलोय."

"अक्का, पुरे झाला तमाशा. सगळी आळी विचारतेय. दार उघड."

"दार माझं नाही. जिचं आहे तिला विचार."

मी उठायला लागले, तर आत्यानं माझं मनगट धरलं. पकड चांगलीच घट्ट होती. दाराखालच्या फटीतून तात्यांची सावली दिसत होती. ती एकदा जिन्याकडं सरकली. मला वाटलं, चालले. हाक मारावी असं अगदी ओठांवर आलं, पण नाही मारली. सावली परत दारापाशी आली.

"हेमा," तात्या म्हणाले. हेमे नव्हे, हेमा. घसा खाकरला. मग बाहेरच्या कडीवर बोटानं वाजवलं, हलकेच, परक्याच्या दारावर वाजवतात तसं. "येऊ का आत?"

आत्यानं माझं मनगट सोडलं.

"चपला बाहेर काढून या," मी म्हटलं आणि कडी काढली.